बस्सीचा वर्ग आणि आईचा प्रश्न

आईला बोलता बोलता मध्येच "अहो, ऐकताय ना?" असं विचारायची सवय. बाबा पेपरातून डोकं न काढता "हं" म्हणायचे, की तिची गाडी पुढे सुरू. तिलक नगरच्या आमच्या घरात हे दिवसभर चालायचं.

निवृत्तीनंतर बाबा घरी बसून चिडचिडे झाले. जन्म कॉलेजात गणित शिकवण्यात गेलेला. मीच गळ घातली आणि ते झालानातल्या आमच्या ऑफिसच्या स्टुडिओतून बस्सी गावातल्या मुलांच्या वर्गाला नेटवर्कवरून शिकवू लागले. ते नेटवर्क मीच सांभाळते. पण रोज थोड्याच वेळात तिथला वर्ग उघडणाऱ्या भैयाचा फोन यायचा, "सरजी, बच्चे तो चले गए."

"मुलं उठून जातात, मतलब मलाच आता जमत नाही," एके दिवशी बाबा म्हणाले. "उद्यापासून मी येणार नाही."

मला भडभडून आलं, आणि रागही आला. बाबा शिकवत असताना उठून जायची आमच्या घरात कोणाची टाप नव्हती! भैयाला खोदून विचारलं, तेव्हा स्वारी म्हणते, "मैडमजी, स्क्रीन काली हो जाती है, तो बच्चे क्या देखें?" हे आधी सांगायला याला काय धाड भरली होती?

बस्सीची लाइन बारीक. ऑफिसचे इतर कार्यक्रम तिच्यात घुसू नयेत म्हणून माझ्या आधीच्या कोणीतरी फिल्टर बसवला होता. वर्गाचा व्हिडिओ तेवढा सोडायचा, बाकी सगळं अडवायचं. पण असा व्हिडिओ पाठवताना राऊटर अधूनमधून विचारतो, कोणी बघतंय का? हा प्रश्नच फिल्टर अडवत होता. प्रश्न पोचत नव्हता, म्हणून उत्तर येत नव्हतं. मुलं वह्या उघडून बसलेली, आणि राऊटर वर्ग रिकामा समजून व्हिडिओ बंद करायचा.

मी फिल्टरमध्ये त्या प्रश्नाला वाट करून दिली आणि बाबांना जवळजवळ ओढतच स्टुडिओत नेलं. तास संपला, भैयाचा फोन आलाच. "सरजी, बच्चे उठ ही नहीं रहे. कह रहे हैं, एक सवाल और."

बाबांनी फळा पुसला आणि पुन्हा सुरू झाले. घरी जाताना मी त्यांना सगळा घोळ समजावून सांगितला.

संध्याकाळी आई मेथी निवडत कोणाच्या तरी लग्नाचं सांगत होती. "अहो, ऐकताय ना?"

बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"ऐकतोय गं," ते म्हणाले. "पण तू विचारत जा."