चमकणाऱ्या तारांचा गंज

सर्व्हिसिंगहून आलेल्या मोटारसायकलच्या चाकातल्या तारा पांढऱ्याशुभ्र चमकतात. ती चमक कशानं आली, हे तुम्ही कधी विचारलंय?

काशीनाथकाकांनी विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि माझं तर ते कामच होतं. मी नांदेडच्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होते. म्हणजे गाडीचं दुखणं ऐकायचं, जॉबकार्डवर लिहायचं, दुरुस्त झाली की गाडी मालकाच्या हाती द्यायची.

त्या दिवशी काकांची गाडी टेम्पोतून आली. मागच्या चाकाचे चार स्पोक तुटलेले, रिम वाकडी. काकांचं कोपर सोललेलं. काका कासार. मागे लाकडी पेटी बांधून अर्धापूरच्या आसपासच्या गावांत बांगड्या भरतात. लग्नघरी चुडा भरायला निघाले होते. वळणावर चाक बसलं.

"बांगड्या?" मी विचारलं.

"वाढल्या." कासार माणूस बांगडी फुटली म्हणत नाही. "त्याचं काही न्हाई ताई. पण उद्या हळद हाय आन् नवरीचे हात मोकळे. तेच मनाला सलून राहिलं."

गाडी वर्षाचीही नव्हती, वॉरंटीत होती. मॅनेजर साहेबांनी लांबूनच निकाल दिला. "ओव्हरलोडिंग. लिहा आणि विषय संपवा."

"साहेब, पेटीत काच आहे, सिमेंट नाही."

"वजन केलं का तुम्ही?"

केलं. उरलेल्या मालासकट पेटी काट्यावर ठेवली. मागे एखादी बाई बसली असती तर तिचं वजन जास्त भरलं असतं. पण 'ओव्हरलोडिंग' लिहिलं की वॉरंटी गेली, आणि पडण्याचा दोषही काकांच्याच माथी. शिवाय चाक कशानं मोडलं तेच कळलं नाही, तर नवं तरी टिकेल कशावरून? त्याच गाडीवर काकांनी रोज पाच गावं हिंडायची.

मी तुटलेला स्पोक उचलला. चाकाच्या मधल्या हबमध्ये अडकतो त्या वाकड्या टोकाशी लाल गंज होता. तार आतपर्यंत खाल्लेली.

स्पोक म्हणजे पोलादी तार. तिच्यावर जस्ताचा पातळ थर असतो. हवापाण्याचा मारा आधी जस्त सोसतं, म्हणून पोलाद वाचतं. जस्त गेलं की तार उघडी. पण इतक्या लवकर जस्त गेलं कुठं?

रात्री काका नांदेडलाच थांबले; दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा धाकटा भाऊ दत्ता त्यांना न्यायला आला. तेच मॉडेल, दोघांनी एकाच दिवशी घेतलेलं. दत्ताची गाडी चिखलानं लडबडलेली.

"केळीच्या बागेतच लोळती ती," काका म्हणाले. "ह्या बाबानं तिला कधी आंघोळ घातली न्हाई."

"पर माझी चालून राहिली की!" दत्ता म्हणाला.

मी किल्लीनं चिखल खरवडला. खाली करडी, धडधाकट तार. गंजाचा ठिपका नाही.

"काका, तुम्ही गाडी किती वेळा धुता?"

"महिन्याला दोनदा. मळक्या गाडीवाल्या कासाराच्या हातात आयाबाया हात देत न्हाईत. इथंच धुतो, तुमच्याकडं. दुसरीकडं भरवसा न्हाई."

शेवटचं वाक्य मला झोंबलं. काका भावाच्या मळक्या गाडीवर बसून नवरीकडे गेले आणि मी वॉशिंगला गेले.

तिथे आमच्याकडे गाड्या धुणारे सलीमभाई चाक घासत होते. शेजारी निळा कॅन.

"यात काय आहे?"

"फरशी धुवायचं अ‍ॅसिड. पाण्यात मिलाके मारतो. दोन मिनिटांत तारा चकाचक. गिऱ्हाईक खूश, साहेब खूश."

"कुणी सांगितलं?"

"माझ्याआधीपासून चालू हाय."

मी त्यांचे हात बघितले. बोटांची टोकं सोललेली. इतके दिवस मी त्यांच्या हातून धुतलेल्या गाड्या घेतल्या, हात कधी बघितले नव्हते.

मी दोन नवे स्पोक घेतले. एक शाम्पूनं धुतला, दुसरा अ‍ॅसिडनं. दोन्ही नळाजवळ टांगले, रोज पाणी मारलं. पहिल्या दिवशी अ‍ॅसिडवाला जास्त चमकला. आठवड्यात तो लाल झाला; अ‍ॅसिडनं मळाबरोबर जस्तही खाल्लं होतं. दोन्ही साहेबांच्या टेबलावर ठेवले.

"तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूनं काम करता?"

"तारेच्या, साहेब."

"हे बाहेर गेलं तर?"

"आत राहिलं तर आणखी कुणी पडेल."

साहेबांनी लाल स्पोक उचलून नखानं खरवडला. मग काकांची दोन्ही चाकं बदलून मिळाली. कागदावर कारण 'गुडविल'. म्हणजे चूक कबूल न करता दाखवलेला चांगुलपणा. निळा कॅन गेला. सलीमभाईंना रबरी हातमोजे आले.

गाडी न्यायला काका आले. "स्टेनलेसच्या तारा गंजत न्हाईत म्हनं. त्या टाकायच्या का?"

"कमी गंजतात. पण हे अ‍ॅसिड त्यांनाही खातं. साध्या तारा साध्या पाण्यानं धुवा, पुरे." मग राहवलं नाही. "नवरीचा चुडा?"

"भरला की! मळक्या गाडीवर गेलो, तरी हसत हात पुढं केला पोरीनं." असं म्हणत त्यांनी माझा ग्रीस लागलेला हात धरला आणि काउंटरवरच हिरव्या बांगड्या भरल्या.

पुढच्याच महिन्यात माझी बदली लातूरच्या शाखेत झाली. पहिल्या दिवशी टेबलाआधी वॉशिंग गाठलं. तिथंही एक कॅन होता. रंग तेवढा वेगळा. तो मी हटवला. पण प्रत्येक गावच्या वॉशिंगवर माझी बदली होणार नाही.

म्हणून एवढं करा. गाडी धुवायला द्याल तेव्हा बाकड्यावर बसून राहू नका. आत जा. कॅनकडे बोट दाखवून यात काय आहे ते विचारा. आणि उत्तर काहीही मिळो, गाडी धुणाऱ्याची बोटं बघा.