शेवटचा नंबर

कोऱ्हाळ्याच्या तालमीतली माणसं पहाटे कालव्याच्या कडेनं पुलापर्यंत पळायची. मी बदलून आलेला, पोट सुटलेला मास्तर. तरी त्यांनी मला ओढूनच नेलं. शेवटचा गडी पुलावर पोचेपर्यंत भिजवलेल्या हरभऱ्यांना कुणी हात लावायचा नाही, अशी तिथली रीत. माझ्यामुळं सगळे खोळंबणार, याची मला धास्ती. पण धोतर वर खोचलेले एक म्हातारे रोज माझ्याही मागं असायचे. त्यांचं नाव कळलंच नाही. सगळे आबा म्हणत.

महिन्याभरानं मी कुठंही न थांबता पूल गाठला. सगळ्यांनी आरोळी ठोकली. आबा माझ्या ओंजळीत हरभरे ओतत म्हणाले, "मास्तर, उद्या नवा गडी येतोय. शेवटचा नंबर आता तुमी सांभाळायचा."

दुसऱ्या दिवशी आबा सगळ्यांच्या पुढं पळाले आणि मी, छाती काढून, सगळ्यांच्या मागं.