विसरायचं नाही म्हणणारी मुलगी

डब्लिनमध्ये आमच्या शेजारी एक पुण्याचं कुटुंब राहतं. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, मला मावशी म्हणणारी. सोळा वर्षांची असताना एका संध्याकाळी ती मैत्रिणीच्या बॅकयार्डमध्ये शेकोटीपाशी बसली होती. मैत्रिणीनं विझत आलेल्या लाकडांवर पेट्रोल ओतलं. भडका उडाला आणि हिचे दोन्ही हात, मान आणि एक गाल भाजला.

त्याआधीची ती सगळ्यांना हो म्हणणारी. कुणी नाराज होऊ नये म्हणून न आवडणारा शिराही मुकाट्यानं संपवायची.

हॉस्पिटलमध्ये तिच्या जखमा रोज धुवाव्या लागत. मेलेली कातडी घासून काढत. औषधं देऊनही तिच्या किंकाळ्या कॉरिडॉरपर्यंत यायच्या. पहिल्याच दिवशी तिची आई चक्कर येऊन पडली, म्हणून मी आत बसू लागले. मी काही शूर नव्हते. नजर तिच्या पायांच्या नखांवर ठेवायचे. त्यांवरचं जांभळं नेलपॉलिश तेवढं शाबूत होतं.

एका सकाळी नर्सनं पट्टीला हात घातला, तोच मुलगी म्हणाली, "स्टॉप. मी सांगेन तेव्हाच सुरू करायचं." नर्स थांबली. मुलीनं डोळे मिटले, दोन-तीन श्वास घेतले आणि स्वतःच म्हणाली, "गो."

दुखणं तसूभरही कमी झालं नाही. ती तशीच किंचाळली. पण त्यानंतर तिनं मान वर करून आमच्याकडे पाहिलं, ते थेट. तशी नजर मी तिच्यात आधी कधी पाहिली नव्हती.

घरी आल्यावर ती काही संत झाली नाही. चिडायची, दारं आपटायची. शेजारी कुणी ग्रिल पेटवलं की आत निघून जायची. एकदा आई तिला जवळ घेऊन म्हणाली, "विसर आता, बाळा. पुन्हा पहिल्यासारखी होशील."

"आई, प्लीज, असं नको म्हणू. मला विसरायचं नाहीये. तिथे ज्या मुलीनं ते सगळं सहन केलं, ती मीच आहे ना? तिला तिथेच सोडून पहिल्यासारखी कशी होऊ?"

आई उठली आणि तिच्या हातांना लावायचं मलम घेऊन आली.

पुढे ती मैत्रीण भेटायला आली. मी डबा द्यायला गेले होते, तेव्हा ती दारातच रडत उभी होती. पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होती. आमची पूर्वीची मुलगी "इट्स ओके" म्हणून मोकळी झाली असती.

ही म्हणाली, "नाही, ओके नाहीये. मला अजून तुझा राग येतो." मग जरा सरकून सोफ्यावर जागा केली. "पण तू ये. बस."

मैत्रीण डोळे पुसत तिच्याशेजारी येऊन बसली. इतका खरेपणा आणि इतकी माया एकाच वेळी मला या वयातही जमलेली नाही.

आता ती कॉलेजात आहे. गेल्या दिवाळीत मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला हॉलवर स्लीव्हलेस ब्लाउज घालून आली. एक काकू हळूच म्हणाल्या, "अगं, फुल स्लीव्ह्ज छान दिसल्या असत्या."

"काकू, या गर्दीत खूप गरम होतं हो," ती हसून म्हणाली आणि आणखी पुऱ्या आणायला गेली.