तोंडावर रुमाल नको

दाजी नेमके कोणाचे दाजी, हा प्रश्न नगरपालिकेच्या झाडं तोडणाऱ्या टोळीत कधी कोणाला पडला नाही. खरं तर ते एकाच माणसाचे दाजी. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ त्याच टोळीत खाली दोर धरायला होता. तो दाजी म्हणायचा म्हणून मुकादम म्हणायला लागला, मुकादम म्हणतो म्हणून ट्रकवाला, आणि शेवटी ज्यांच्या भिंतीवर आलेली फांदी उतरवायची ते घरमालकसुद्धा "दाजी, जरा जपून, खाली कुंड्या आहेत" असं वर तोंड करून सांगू लागले. एकीशी लग्न करून माणूस अख्ख्या गावाचा दाजी झाला, याला काय म्हणावं ते म्हणा.

दाजींचं काम वर चढायचं. कमरेला दोर, पाठीशी मशीनची करवत, आणि गळ्यात रुमाल. रुमाल म्हणजे खिशात घडी करून ठेवायचा आणि लग्नात नाक पुसायला काढायचा तो नव्हे. चांगला हातभर लांब-रुंद, लाल, धुऊन धुऊन मऊ पडलेला सुती चौकोन. त्यांचं म्हणणं असं होतं की माणसाला देवानं दोन हात दिले ते घाईत, तिसरा द्यायचा राहून गेला, तो रुमालानं भरून काढायचा. उन्हात तो ओला करून मानेवर, घाम डोळ्यांत उतरायला लागला की पीळ देऊन कपाळावर. दोर खांद्याला काचला की त्याच्याखाली घडी. करवतीवरचा चीक पुसायला एक कोपरा, चहाचा तापलेला पेला धरायला दुसरा, आणि जेवताना खाली अंथरायला सगळाच. ट्रकच्या मागून ओंडका बाहेर आला की त्याच्या टोकाला दाजींचा रुमाल फडफडायचा आणि मागच्या गाड्या आपोआप लांब राहायच्या. एकदा मुकादमाचं मनगट निखळलं तेव्हा दाजींनी रुमालाची झोळी करून त्याचा हात गळ्यात असा बांधला की दवाखान्यातल्या बाईनं, राहू द्या तसाच, म्हणून सांगितलं. घरट्यातली पिल्लं ते रुमालात बांधून, गाठ दातात धरून खाली आणायचे. पिल्लं बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत मरायची, पण आणायचे.

टोळीत नवा माणूस आला की दाजी त्याला आधी रुमाल घ्यायला लावायचे, मग करवत दाखवायचे. सगळ्यांच्या गळ्यात रुमाल, सगळ्यांची गाठ तीच, दाजींनी शिकवलेली. मनाई फक्त एका गोष्टीची होती. तोंडावर रुमाल बांधायचा नाही.

आता फांद्या गिळून भुसा ओकणारं एक यंत्र टोळीबरोबर असायचं, आणि त्याच्याजवळ उभं राहिलं की नाकातोंडात इतका भुसा जायचा की रात्री खोकला काढला तर टेबलखुर्ची निघेल. जगातला कुठलाही माणूस अशा ठिकाणी पहिल्यांदा तोंडावर रुमाल ओढेल. पण कोणी ओढला की दाजी फांदीवरूनच ओरडायचे. दरोडा घालायला आलात का, म्हणायचे. गिऱ्हाईक घाबरतं, म्हणायचे. एकदा तर म्हणाले की तोंड झाकून काम केलं की झाड राग धरतं. माणसं हसायची आणि रुमाल खाली करायची.

खरं कारण साधं होतं. मशीनची करवत इतकी वर्षं कानाशी किंचाळून किंचाळून दाजींचे दोन्ही कान बंद झाले होते. आधी उजवा गेला, मग डावा त्याला शोधायला गेला. राहिली होती ती नुसती घूं. पण दाजींनी हे कोणाला कळू दिलं नव्हतं. ते ओठ वाचायचे, आणि इतके झकास वाचायचे की लांब उभा राहून पुटपुटत शिवी देणाऱ्यालाही उत्तर मिळायचं. म्हणजे कान गेल्यावर दाजींना आधीपेक्षा जास्त ऐकू यायला लागलं होतं. फक्त समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे.

हे कळलं तर काय होणार हे त्यांना ठाऊक होतं. बहिऱ्या माणसाला खातं झाडावर चढू देत नाही. हातात खराटा देतात आणि खालचा पाला गोळा करायला लावतात. दाजींच्या आधी वर चढणारा जो होता, त्याची नजर गेली तेव्हा त्याच्या हातात खराटा आलेला दाजींनी पाहिला होता. त्याला सगळे "उचला, म्हातारबा, उचला" म्हणायचे. तसं म्हणण्यात दाजीच पुढे असायचे.

बायकोला माहीत होतं. घरात लपवणार कुठे? तिनं रडारड केली नाही, उलट तिला सोयच झाली. ती ओट्याकडे तोंड आणि नवऱ्याकडे पाठ करून उभी राहायची आणि लग्नापासूनचं साठलेलं सगळं त्याच्यासमोर, म्हणजे त्याच्यामागे, बोलून घ्यायची. सासू, नणंद, नवऱ्याच्या घामाचा वास, काही सुटत नसे. दाजी ताटावर बसून तिची हलणारी पाठ बघत जेवायचे. मग ती वळून, भात वाढू का, एवढंच विचारायची, आणि ते म्हणायचे, वाढ.

दुसरा माहीतगार मेहुणा. दोर त्याच्या हातात, त्याला कळणारच. खालून थांबा म्हटलं आणि पाठमोरे दाजी थांबले नाहीत, तेव्हाच त्यानं ओळखलं. दोराला एक झटका म्हणजे थांबा, दोन म्हणजे सोडा, असं त्यानं आपणहून सुरू केलं आणि दाजींनी न विचारता उचललं. वर्षानुवर्षं दाजींचे कान त्या दोराच्या खालच्या टोकाला, मेहुण्याच्या मुठीत होते.

एवढं सांभाळून घेणारा मेहुणा. पण त्याचं एक जुनं दुखणं होतं, आणि ते दाजींनीच दिलेलं होतं.

तरुणपणी त्यालाही वर चढायचं होतं. दाजींनी चढवला. पहिल्या मोठ्या फांदीशी गेला, खाली बघितलं, आणि झाडाला मिठी मारून बसला तो बसलाच. हात सोडेना, पाय हलवेना. शेवटी दाजी वर गेले, गळ्यातला रुमाल काढून त्याच्या डोळ्यांवर बांधला, आणि बैल उतरवावा तसा एकेक पाय हातानं धरून त्याला खाली आणला. खाली पोचल्यावर रुमाल लगेच काढला नाही. त्याला तसाच हात धरून टोळीसमोर गोल फिरवला, "अजून उंच आहे हं, पाय जपून टाक" म्हणत. मेहुणा सपाट जमिनीवर पाय चाचपत चालत होता. टोळी पोट धरून हसली. त्या दिवसापासून त्याचं नाव डोळेझाक पडलं.

तेही एक वेळ विसरता आलं असतं, पण दाजी ही गोष्ट जेवणाच्या सुट्टीत सांगायचे. नवा माणूस आला की त्याला तर हमखास. बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतोय ते कळत नाही, आणि समोरचा किती गप्प झालाय तेही कळत नाही. पाय चाचपण्याची नक्कल करत दाजी रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, आणि मेहुणा डबा झाकून उठायचा.

मग खात्यात नवे साहेब आले. तरुण, इस्त्रीचे, रुमालाला बँडाना म्हणणारे. त्यांनी टोळीला विचारलं की कामात काही त्रास आहे का. पावसाळी बूट मागावेत, नवी शिडी मागावी, असं मुकादमाच्या मनात होतं. पण त्याच्या आधी मेहुणा पुढे झाला. साहेब, भुशानं सगळ्यांच्या छातीची वाट लागलीय, तोंडावर रुमाल सक्तीचा करा, म्हणाला. साहेबांना सूचना फार आवडली. फुकटात होणाऱ्या सगळ्याच सूचना साहेबांना आवडतात.

हे बोलताना मेहुण्यानं दाजींकडे पाठ केली नव्हती. चांगलं समोर तोंड करून, एकेक शब्द ओठांवर मांडून बोलला. दाजींनी सगळं वाचलं. म्हणाले, आपल्याला नाही चालायचं, जीव गुदमरतो. टोळी हसली. संशय तसा सगळ्यांनाच होता, आता मजा बघायची होती.

आठवडा उलटायच्या आत साहेब पाहणीला आले. शाळेच्या कुंपणाशी मोठं वाळकं झाड होतं. दाजी दोर बांधून वळले तर समोर सगळी टोळी ओळीनं उभी, आणि प्रत्येकाच्या तोंडावर रुमाल. त्यांनीच शिकवलेली गाठ, कुठे ढिली नाही. साहेबांच्याही तोंडावर एक कोरा करकरीत. दाजींना नुसते डोळे दिसले.

साहेबांच्या रुमालाला हवा लागल्यासारखी हालचाल झाली. दाजींनी अंदाज बांधला. साहेब लोक पहिल्यांदा काय विचारतात? "बरीच वर्षं झाली, साहेब," ते म्हणाले, "ह्या झाडांवरच म्हातारा झालो." साहेबांनी मान हलवली. जमलं. दुसऱ्यांदा रुमाल हलला. दाजी झाडाकडे बघून म्हणाले, आतून पोखरलंय, वरून खाली उतरवावं लागेल. तेही जमलं. दाजींच्या कपाळावरचा घाम गळ्यातल्या रुमालापर्यंत उतरला होता. अजून एक तसाच गेला असता तर वाचले असते.

तिसऱ्यांदा रुमाल हलला तो मेहुण्याचा. त्यानं काय विचारलं ते टोळीतल्या प्रत्येकाला स्पष्ट ऐकू आलं.

"दाजी, साहेबांना सांगा की. तुम्ही ठार बहिरे आहात ना?"

दाजींनी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. डोळ्यांत काही वाईट दिसलं नाही. घरचाच माणूस. त्यांनी हसून साहेबांकडे वळून सांगितलं, "हो, साहेब, अगदी. ह्यालाच विचारा, हा सगळं बघतो माझं."

रुमालांमागे माणसं हसायला लागली. हसणं दाजींना ऐकू आलं नाही, पण सगळ्यांचे खांदे हलताना दिसले, आणि मग साहेबांचेही. दाजी क्षणभर त्यांच्याबरोबर हसले. मग थांबले. त्यांनी खाली बघून कमरेचा दोर सोडला. गाठ सुटायला वेळ लागला, कारण ती त्यांनीच बांधली होती.

खराटा लगेच मिळाला. "उचला, दाजी, उचला," कोणीतरी म्हणालं. तोंडावर रुमाल ठेवून म्हणालं, म्हणजे तेवढी माया होती म्हणायची.

सूड घेणाऱ्या माणसाची एक अडचण असते. तो उद्याचा विचार करत नाही. साहेबांनी विचारलं की मग आता वर कोण जाणार. मुकादमानं मेहुण्याकडे बोट केलं, इतकी वर्षं दोर धरलाय, ह्याच्याइतकं कोणाला माहीत नाही, म्हणाला. मेहुण्यानं टोळीकडे बघितलं. कोणीतरी हळूच डोळेझाक म्हणालं. तेवढं पुरलं. त्यानं दोर उचलून कमरेला बांधला आणि चढला.

चढताना खाली बघितलं नाही, म्हणून चांगला उंच गेला. करवत चालू करायच्या आधी फांदीचा अंदाज घ्यायला म्हणून मान वळवली, आणि संपलं. झाडाला मिठी. तोच चेहरा, तेच घट्ट मिटलेले डोळे, फक्त केस पांढरे. तो काहीतरी ओरडत होता. पण तोंडावर रुमाल, गाठ दाजींची, आणि ओढून काढायला हात रिकामा नाही. वरून नुसतं गुंगुं ऐकू येत होतं. साहेब विचारत होते काय म्हणतोय, मुकादम म्हणत होता कळत नाही, आणि शाळेची पोरं कुंपणाला लोंबकळून हसत होती.

दाजी पाठमोरे पाला गोळा करत होते. पण दाजी ओठ वाचून म्हातारे झालेले. सगळ्यांच्या माना वर गेल्या आहेत एवढं त्यांना दिसलं नसेल असं कोणी म्हणू नये. खराटा थांबला नाही.

शेवटी मुकादमानं त्यांचा खांदा धरून वळवलं. आपला रुमाल हनुवटीखाली ओढला आणि तोंड मोठं करून म्हणाला, "दाजी, तो अडकलाय. तुमच्याशिवाय कोण उतरवणार? चला, रुमाल घ्या."

दाजींनी वर बघितलं. वरून मेहुणा त्यांच्याकडे बघत होता, डोळे उघडून. मग त्यांनी मुकादमाच्या हनुवटीकडे बोट केलं.

"आधी तोंडावर घ्या तो," ते म्हणाले. "साहेबांचा नियम आहे." आणि पाला उचलायला वाकले.

अग्निशमनवाल्यांची शिडी यायला दुपार उलटली. मेहुण्याला दोघांनी बगलेत धरून उतरवला तेव्हा त्याची विजार ओली होती, आणि ते झाकायला त्यानं शेवटी तोंडावरचा रुमाल काढला.

दाजी घरी गेले तेव्हा बातमी आधीच पोचली होती. बायको ओट्याशी नव्हती. दारात उभी होती, त्यांच्याकडे तोंड करून. भात सोडून दुसऱ्या कशासाठी, किती वर्षांनी, तिचे ओठ त्यांच्यासमोर हलत होते. माझा सख्खा भाऊ, एवढं दाजींनी वाचलं. मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली, गळ्यातला रुमाल काढला, नीट तीन पदरी घडी घातली आणि आपल्याच डोळ्यांवर बांधला. गाठ मागे पक्की केली. हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले.

तिनं बोलून संपवल्यावर तशाच डोळ्यांवर रुमाल बांधलेल्या माणसापुढे ताट ठेवलं, आणि भात वाढायचं विचारलं नाही.