बारा फाइली उघडणाऱ्या बाई

माझ्या वर्गातल्या पाड्यांवरच्या मुलांकडून ऐकलेले वारली शब्द मी बारा वर्षं घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाइप करत होतो. दर वर्षाची एक फाइल. गेल्या वर्षी हौसेने त्यावर नवी सिस्टिम टाकायला गेलो आणि तो मध्येच अडकला. चालू केला की निळा पडदा येई आणि पुन्हा बंद. शब्दांची दुसरी प्रत नव्हती. कासाहून एसटीने कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन डहाणूला आलो.

स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी डबा उघडला आणि रंगाच्या ब्रशने हळूहळू धूळ झाडली.

"आतल्या फाइली सगळ्या पुसाव्या लागतील का?" मी घाबरत विचारलं.

"पुसायची घाई नाय करायची, सर. आधी तुमचं सामान बाहेर काढू."

हार्ड डिस्क काढून त्यांनी आपल्या कॉम्प्युटरला जोडली. बारा फाइली दिसल्या. त्या पेनड्राइव्हवर उतरल्या तसा मी सुटकेचा निःश्वास टाकून हात पुढे केला.

"थांबा. दिसते म्हणजे उघडते असं नसतं."

चष्मा सावरत बाईंनी एकेक फाइल उघडली, शेवटच्या पानापर्यंत नेली, बंद केली. बाराच्या बारा. मग याला नवी सिस्टिम जड जाते म्हणत जुनीच परत टाकून दिली. कॉम्प्युटर झकास चालतोय.

पहिलं पान पाहून मी आजवर किती वह्यांवर सही ठोकली असेल! हल्ली वही हातात आली की शेवटच्या पानापर्यंत जातो. मुलं तिथेच मजेशीर काहीतरी लिहून ठेवतात.