आजपर्यंत मी ‘सर’ होते

घाईघाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

मराठी टायपिंगचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, लोक हौसेनं मिळून बनवतात. तीन वर्षं मी रहिमतपुरातून त्याचं कोडिंग करते. नावाच्या जागी नुसती आद्याक्षरं, म्हणून सगळे मला ‘सर’ म्हणतात.

आज ग्रुपवर वाद पेटला. नवख्या मुलींना शिकवायला वेगळा गट काढायचा का? एकानं लिहिलं, "बायका येतच नाहीत, मग कुणासाठी?" माझं डोकंच फिरलं. लिहून टाकलं, "मी बाई आहे. रहिमतपूरची."

दहा मिनिटांत एका अनोळखी माणसाचा मेसेज. "रहिमतपूरची व्हय? कुणाच्यातली? आमी फलटणचं, लय लांब न्हाई."

हा प्रश्न आमच्याकडं एसटी स्टँडवर कुणीही विचारतं. मीही विचारते. पण आज मी आधी उठून दाराला कडी घातली.

सासूबाई म्हणाल्या, "भर दुपारी कडी का गं?"

"वारं लय हाय, आत्या."

परत मेसेज आला. "बोला की."

माणूस चांगलाही असेल. मला काय माहीत?

तिकडं ग्रुपवर कुणीतरी विचारलंय, "मॅडम, बायका का येत नाहीत, तुम्हीच सांगा."

तुम्ही काय लिहिलं असतं? मी अजून कडी काढलेली नाही.