डाव्या अंगठ्यावरची शाई

ईशा, निनाद,

सुमनआजी गेल्याचं कळवलं तेव्हा तुम्ही विचारलंत, व्हिडिओवर ती दर वेळी तुमचा डावा अंगठा का बघायची. तेव्हा मला सांगवलं नाही. आता मुलुंडचं तिचं घर आवरून झालं आहे आणि तुम्हीही मोठे झाला आहात, म्हणून लिहिते.

माझी ही धाकटी बहीण डॉक्टर होती, पण औषध देणारी नव्हे. गोवर-रुबेलाच्या लसीची मोठी मोहीम संपली की वस्तीतल्या किती मुलांच्या अंगात खरोखर प्रतिकारशक्ती आली, हे ती मोजायची. निवडलेल्या घरांतल्या मुलांच्या बोटातून थोडं रक्त घ्यायचं, मग लस झालेली असो वा नसो. देवनारच्या गल्ल्यांत एकाच मुलाला दोनदा टोचलं जाऊ नये म्हणून ती डाव्या अंगठ्याच्या नखावर मार्करने रेघ ओढायची. लस देणाऱ्यांचीही हीच खूण होती. पण मोहीम तर संपली होती...

तिथे सम्यक नावाचा मुलगा होता. मोहिमेच्या दिवसांत आजारी, म्हणून त्याची लस राहिलेली. सुमनने रक्त घेतलं, रेघ ओढली आणि त्याच्या आईला बजावलं, "राहिलेल्यांसाठी परत येतील, तेव्हा नक्की दे हं." ते आले तेव्हा आई कामावर होती. त्यांनी दारातल्या पोराचं नख पाहिलं आणि पुढे गेले. संध्याकाळी तो म्हणाला, लसवाले येऊन गेले. आईनेही नख पाहिलं आणि निश्चिंत झाली. पुढे गोवर आला, छातीत उतरला, आणि तो गेला.

सुमन त्यांच्या घरी गेली. आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "शाई तुमचीच ना, मॅडम? पुसून तरी जायचं होतं."

तिथून ती थेट प्रयोगशाळेत गेली आणि मग माझ्याकडे आली. "ताई, त्याच्या रक्तात गोवराविरुद्ध काहीच नव्हतं गं. मी मोजलं मात्र बरोबर."

अहवालात वस्ती सुरक्षित ठरली. रक्त घेतलं तेव्हा सम्यक जिवंत होता, त्यामुळे त्यात तो जिवंत मुलांतच धरला गेला. सुमनला शाल-श्रीफळ मिळालं. शाल तिने रिक्षातच सोडली.

शेवटच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये ती बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा चिमटा काढून टाकून अंगठ्याचं नख चादरीवर घासत होती. नर्स वैतागली, "आजी, गप पडा ना, किती त्रास देता!" ती गप पडली. मी हात धरला, तर सोडवून घेतला.

सम्यक नाही, सुमन नाही. त्याच्या बोटातून तिने घेतलेलं रक्त प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये अजून आहे.